अंधांची पाऊलवाट

डोळस मनुष्य रस्ता डोळ्यांनीं पाहतो. अंध मनुष्य तो पायांनीं, काठीनें आणि कानांनीं ओळखतो. भिंतीवर आपटून परत येणारा ध्वनि, पायांखालील जमिनीचा उतार, काठीच्या टोकास लागलेली कड, एवढ्या सामग्रीवर तो आपली दिशा ठरवीत असतो. परंतु जेथें रेल्वेचा फलाट संपतो किंवा पदपथ संपून वाहनांचा रस्ता लागतो, तेथें धोक्याची सूचना त्यास आधींच मिळावी लागते. एका पावलाचा विलंबहि तेथें प्राणघातक ठरूं शकतो.

ही सूचना जमिनीनेंच द्यावी, ही कल्पना जपानमधील सेइइची मियाके यांची. १९६५ सालीं त्यांनीं उंचवटे असलेली एक फरशी तयार केली, आणि १९६७ च्या मार्च महिन्यांत ओकायामा शहरांतील अंधशाळेनजीक, रस्ता ओलांडण्याच्या जागीं, अशा फरशा प्रथम बसविण्यांत आल्या. आज त्या अनेक देशांतील पदपथांवर व स्थानकांवर दिसतात.

या फरशांच्या लिपींत अक्षरें दोनच. लांबट समांतर पट्ट्यांचा अर्थ ‘या दिशेनें चला’. गोल उंचवट्यांचा अर्थ ‘थांबा, पुढें जिना, वळण किंवा धोका आहे’. उंचवटा जेमतेम पांच मिलिमीटरांचा असतो. पण काठीस आणि बुटाच्या तळव्यास तो समजतो. जिन्याच्या तोंडाशीं हा पट्टा सुमारें ३०० मिलिमीटर अलीकडे बसवितात, म्हणजे थांबावयास अवकाश मिळतो. रंग बहुधा पिवळा ठेवतात, त्यासहि कारण आहे : अंध म्हणविल्या जाणाऱ्या पुष्कळांना थोडीशी दृष्टि असते, व करड्या जमिनीवर पिवळा पट्टा त्यांस उठून दिसतो.

भारतांत २०१६ च्या दिव्यांगविषयक कायद्यानें सार्वजनिक इमारती व वाहतूक सर्वांस वापरतां येतील अशा करण्याचें बंधन घातलें. तथापि त्याखालील नियम केवळ शिफारशींसारखे राहिले होते. दृष्टिहीन अर्जदार राजीव रतुरी यांच्या अर्जावर निकाल देतांना सर्वोच्च न्यायालयानें ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं असा नियम मूळ कायद्याशीं विसंगत ठरविला, व किमान मानकें सक्तीचीं करण्याचा आदेश सरकारास दिला.

सक्तीनें फरशा बसतील. परंतु वाट मोकळी राहीलच असें नाहीं. पिवळा पट्टा सरळ विजेच्या खांबावर जाऊन आदळतो, कोठें थांबण्याच्या फरशा चालण्याच्या जागीं बसतात, कोठें पट्ट्यावरच दुचाकी उभी असते. डोळस मनुष्य वळसा घालून निघून जातो. अंध मनुष्य मात्र त्या खुणेवर विश्वास ठेवून पाऊल टाकतो. म्हणून खूण नसण्यापेक्षां खोटी खूण अधिक घातक होय. उलट, चाकांच्या खुर्चीस हेच उंचवटे त्रासदायक होतात. त्यासाठीं शेजारीं पुरेशी सपाट जागा सोडावी लागते.

या गोष्टी नकाशावरून उमजत नाहींत. काम पुरें झाल्याचा दाखला देण्यापूर्वीं अभियंत्यानें एखाद्या अंध व्यक्तीस आणि एखाद्या चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीस सोबत घेऊन ती वाट एकदां चालून पाहावी. पुढील राखण नागरिकांची : पिवळा पट्टा ही कोणाची तरी दृष्टि आहे, तिच्यावर वाहन उभें करूं नये.