काउंटची डायरी कुठे आहे?

भयकथेचा प्रवास : लेखांक ६

मागच्या दोन लेखांत आपण अठराव्या शतकातल्या इंग्रजी गॉथिक कादंबऱ्या पाहिल्या. १७६४ सालची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ इटलीत घडते, १७९६ ची ‘द मंक’ माद्रिदमध्ये. पुढच्याच वर्षी आलेल्या ॲन रॅडक्लिफच्या कादंबरीचं नावच ‘द इटालियन’. प्रॉटेस्टंट इंग्लंडच्या वाचकाला कॅथलिक मठांची, तिथल्या तळघरांची, कपटी साधूंची भीती घातली जायची आणि पुस्तक मिटलं की ती भीती समुद्रापलीकडेच राहायची. शंभर वर्षांनी ब्रॅम स्टोकरने त्या परक्या खलनायकाला जहाजात बसवून थेट इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरवलं. आजचा सगळा लेख त्याच्यावरच, म्हणजे ‘ड्रॅक्युला’वर.

कादंबरी मे १८९७ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. लंडनजवळ घर घेऊ पाहणाऱ्या काउंट ड्रॅक्युला या सरदाराला कागदपत्रं दाखवायला जोनाथन हार्कर हा तरुण इंग्रज वकील ट्रान्सिल्वेनियात जातो. वाडा, लांडगे, घाबरलेले गावकरी हे सारं अपेक्षेप्रमाणे आहे. पण मला सगळ्यात अस्वस्थ करते ती काउंटची पुस्तकांची खोली. तिथे इंग्लंडचा इतिहास, भूगोल, राजकारण, कायदा आहे. लंडनची डिरेक्टरी आहे, लष्कर आणि नौदलातल्या अधिकाऱ्यांच्या याद्या आहेत. एकदा तर काउंट कोचावर पडून इंग्लंडच्या रेल्वेचं वेळापत्रक वाचताना सापडतो. नकाशाच्या पुस्तकात इंग्लंडचं पान वारंवार उघडून सैल झालंय आणि त्यावर तीन ठिकाणी बारीक वर्तुळं काढलेली आहेत. आपले उच्चार चुकले तर सुधारून द्या, अशी विनंती तो हार्करला करतो. आपलं बोलणं ऐकून लंडनच्या रस्त्यावर कुणी थबकू नये, हा परका आहे असं कुणाला वाटू नये, एवढीच त्याची इच्छा.

स्टीफन अराटा या अभ्यासकाने १९९० मध्ये या कादंबरीवर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं, की इंग्रजांनी जगाशी जे केलं तेच कुणीतरी उलटून आपल्याशी करेल, या धास्तीतून ड्रॅक्युला जन्मला. मराठी वाचकाला हे समजायला अराटाचीही गरज पडू नये. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. पुढे जिल्ह्याजिल्ह्याची गॅझेटियर्स झाली, जमिनींची मोजणी झाली, जातींच्या आणि पिकांच्या याद्या झाल्या. भाषा शिकायची, नकाशा समोर ठेवायचा, कायदा समजून घ्यायचा आणि मग मुक्काम ठोकायचा, ही रीत आपण जवळून पाहिली आहे. तीच रीत पूर्वेकडच्या माणसाने उचलली, तर इंग्रजी कादंबरीत तो राक्षस ठरतो.

परक्यांची सरसकट भीती मात्र या पुस्तकात नाही. ड्रॅक्युलाचा पाठलाग करणाऱ्यांत व्हॅन हेल्सिंग डच आहे, क्विन्सी मॉरिस टेक्सासचा. व्हॅन हेल्सिंगचं इंग्रजी शेवटपर्यंत मोडकंतोडकं राहतं आणि त्यामुळे तो वाचकाला लोभस वाटतो. काउंटचं इंग्रजी जवळपास निर्दोष, आणि तेच भिववतं. परका माणूस परका दिसतो आणि परका बोलतो तोवर त्याला टेबलाशी जागा मिळते. तो आपल्यासारखा होऊ लागला की घात झाला, असं हे पुस्तक मानतं.

ही भीती हवेतून आलेली नव्हती. काउंटने जहाजातून सोबत आणलेल्या, मातीने भरलेल्या पन्नास पेट्यांपैकी सहा लंडनच्या पूर्व भागात, चिकसँड स्ट्रीटवर जातात. १८८१ पासून रशियन साम्राज्यात ज्यूंवर हल्ले सुरू झाले. जीव मुठीत धरून निघालेली कितीतरी कुटुंबं याच वस्तीत येऊन राहिली. त्यांच्याविरुद्ध ओरड वाढत गेली आणि १९०५ मध्ये परदेशी लोकांच्या येण्यावर निर्बंध घालणारा ‘एलियन्स ॲक्ट’ आला. पूर्व युरोपातून जहाजाने आलेला, बाकदार नाकाचा, सोन्याची नाणी जवळ बाळगणारा, रक्त पिणारा परका! स्टोकरने हे ठरवून जुळवलं असं मी म्हणणार नाही. पण शेवटी शेवटी गलात्झ बंदरात हिल्डशाइम नावाचा ज्यू दलाल दोन-चार ओळींपुरता येतो, आणि तेवढ्यातही त्याच्या नाकाची टवाळी होते, पैशाखेरीज तो तोंड उघडत नाही. हे मात्र लेखकाच्या हातून नकळत झालं म्हणणं अवघड आहे.

आता लंडनमधलं पिकॅडिलीचं घर. काउंटने ते रीतसर विकत घेतलंय. त्याचा माग काढणारी मंडळी भरदिवसा कुलूपवाला बोलावून ते फोडतात. पोलीस आला तरी अडचण नाही, कारण त्यांच्यात लॉर्ड गोडाल्मिंग आहे आणि त्याच्या पदवीपुढे कुणी प्रश्न विचारणार नाही, हे ते आधीच बोलून ठेवतात. बाकीचे समोरच्या ग्रीन पार्कमध्ये बसून पाहत असतात. आत जेवणाच्या टेबलावर काय मिळतं? घरांच्या खरेदीखतांचा गठ्ठा, कोरे कागद, पाकिटं, पेन, शाई. कपड्यांचा ब्रश, केसांचा ब्रश आणि कंगवा, पाण्याचा जग, आणि एका भांड्यात लालसर झालेलं घाण पाणी. घुसखोर ज्याला म्हणायचं त्याच्याकडे खरेदीखत आहे आणि घरफोडी सज्जनांनी केलीय. कादंबरी या प्रसंगावर क्षणभरही रेंगाळत नाही.

त्या टेबलावर लिहायचं सारं साहित्य होतं. तरी काउंटने लिहिलेलं आपल्यापर्यंत काय पोचतं? सुरुवातीला हार्करसाठी लिहिलेल्या एक-दोन छोट्या चिठ्ठ्या, त्याही हार्करने आपल्या डायरीत उतरवून घेतलेल्या. बाकी अख्खी कादंबरी इतरांच्या डायऱ्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणं, पाठलाग करणाऱ्यांतल्या एका डॉक्टरने फोनोग्राफवर नोंदवलेलं बोलणं यांनी बनली आहे. हार्करची बायको मीना हे सगळं टंकलिखित करून क्रमाने लावते. मग एका रात्री काउंट त्या डॉक्टरच्या अभ्यासिकेत शिरतो, हस्तलिखितं जाळतो, फोनोग्राफच्या मेणाच्या नळ्या आगीत फेकतो. आपल्याविषयी लिहिलं जातंय हे त्याला कळलेलं असतं. पण मीनाने जादा प्रत काढून तिजोरीत ठेवलेली असते, म्हणून कथा टिकते. अखेरीस हार्करच कबूल करतो, की मूळ कागद जवळपास उरलेलेच नाहीत, आहेत त्या टंकलिखित प्रती.

मेरी शेलीच्या १८१८ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’शी हे ताडून पाहा. तिथे त्या विद्रूप जिवाला पुस्तकाच्या मधोमध कित्येक प्रकरणं बोलू दिलंय. तो खुनी आहे हे माहीत असूनही त्याचं ऐकताना वाचकाचा न्याय डळमळतो. काउंटच्या वाट्याला आपल्या घराण्याच्या लढायांचं एक अभिमानी भाषण येतं, आणि तेही हार्करच्या डायरीतून. मीना तर त्याला गुन्हेगारीशास्त्रज्ञ लोंब्रोसोच्या जन्मजात गुन्हेगारांच्या साच्यात बसवून मोकळी होते. त्याने मीनाची मैत्रीण ल्यूसी हिला मारलं, आईच्या कुशीतलं बाळ पळवलं, हे पुस्तकात खरंच आहे आणि ते पुसून टाकायचं नाही. माझी तक्रार एवढीच, की क्रौर्य आणि परकेपण यांची अशी शिवण घातली गेली आहे, की एकाकडे बोट दाखवलं की दुसरं आपोआप सिद्ध होतं. चित्रपटांनी ती शिवण पुढे शंभर वर्षं घट्टच केली.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. पडद्यावर काउंट अनेकदा छातीत खुंटा ठोकून मरतो. कादंबरीत तसं नाही. मॉरिसचा सुरा त्याच्या काळजात घुसतो आणि गळ्यावर चालते ती हार्करची कुकरी. नेपाळशी युद्ध करून इंग्रजांनी गुरख्यांना आपल्या फौजेत घेतलं, तेव्हापासून त्यांच्या ओळखीचं झालेलं हे हत्यार. पूर्वेकडून आलेल्या शत्रूवर साम्राज्याने पूर्वेकडूनच मिळवलेलं शस्त्र उगारलंय.

पुढच्या आठवड्यात थोडं मागे, १८४७ मध्ये जाऊ. ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेला हीथक्लिफ नावाचा काळासावळा पोर आहे. शेजारचे लिंटनसाहेब त्याला पाहताच लास्कर, म्हणजे हिंदुस्थानी खलाशाचं पोर असावं, असा तर्क करतात. तो खलनायक कधी आणि कुणामुळे होतो, ते तपासू.