आधी उतरणीचा बेत

'उन्हाळ्याची सुट्टी' हे शब्द आपल्या घरांत उच्चारले, की आंब्याची अढी, मामाचे गाव आणि एप्रिल-मे महिने एकदमच डोळ्यांपुढे उभे राहतात. आल्प्स पर्वताला मात्र आपल्या शाळांचे वेळापत्रक ठाऊक नाही. आपण आमरस ओरपत असतो तेव्हा तिथल्या उंच पायवाटा बर्फाखाली निजलेल्या असतात. जूनअखेरपर्यंत सावलीच्या कुशीत बर्फाचे पट्टे रेंगाळतात आणि जुलै उजाडला म्हणजे कुठे वाटा मोकळ्या होतात. म्हणजे आपली मुले रेनकोट घालून शाळेत जाऊ लागली, की तिथला उन्हाळा सुरू! आल्प्समध्ये सायकलसफर काढू पाहणाऱ्या मराठी कुटुंबापुढे पहिला घाट उभा राहतो तो पंचांगाचा.

आम्ही तिघांनी, म्हणजे मी, सौ. आणि कॉलेजात शिकणारी आमची कन्या यांनी, २०२३ च्या जुलैत अशी सफर केली. कन्येची परीक्षा जूनमध्ये संपत होती आणि सौ.ना बँकेतून दहा दिवसांची रजा मिळाली, म्हणून ते जमले. पण मला आज सांगायचे आहे ते सफरीपेक्षा तिच्या बेताविषयी. पाच महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरलेले होते आणि मिठाची वाटी कोणत्या खिंडीत ठेवली आहे ते शोधावे लागत होते.

प्रथम या सायकलीविषयी दोन शब्द. रुंद आणि खाचांचे टायर, पुढे धक्के पचवणारा काटा आणि दमदार ब्रेक असलेली ही डोंगरी सायकल, म्हणजेच माउंटन बाइक, जन्माला आली अमेरिकेत. कॅलिफोर्नियातील टॅमलपाइस डोंगराच्या परिसरात काही हौशी तरुण जुन्या, जाडजूड सायकली कच्च्या रस्त्यावरून खाली सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी तिथे पहिली शर्यत लावली. उतरताना मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे, की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून त्या उताराचे नावच पडले 'रिपॅक', म्हणजे 'पुन्हा भरा'. वीस वर्षांनी, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, हा खेळ दाखल झाला. तेव्हा या सायकलीची गोष्ट सुरू झाली ती चढणीने नव्हे, उतरणीने, आणि ब्रेकच्या धुराने. हे ध्यानात ठेवलेले बरे.

कन्येने आरंभीच एक भलामोठा मार्ग आखून आणला. रोज पन्नास किलोमीटर, रोज एक खिंड. तिच्या वयाला तो शोभण्यासारखाच होता. सौ.नी चष्मा लावून तो कागद वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "अहो, यात मधेच सोडायचं झालं, तर कुठे सोडायचं?"

मी आणि कन्या एकमेकांकडे पाहू लागलो. 'जाणार कसे' याची आम्ही दहा उत्तरे काढली होती. 'परतणार कुठून' याचे एकही नव्हते. त्या रात्रीपासून बेत उलटा सुरू झाला. आधी परतीच्या जागा शोधायच्या आणि मग त्यांच्यामधून वाट गुंफायची.

असे शोधता शोधता आम्ही स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांतातील बेर्निना खिंडीशी पोचलो. या खिंडीतून रेशियन रेल्वेची अरुंद, लाल आगगाडी जाते. १९०८ ते १९१० या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झालेला हा मार्ग २००८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. आपल्या बोरघाटात आगगाडी १८६३ मध्ये चढली, तिथला कमाल चढ सदतीस फुटांना एक फूट. बेर्निनाची गाडी दातेरी रुळाचा आधार न घेता चौदा फुटांना एक फूट चढते! पण आमच्या दृष्टीने त्याहून मोलाची होती ती तिची स्थानके. पोंत्रेझिना, मॉर्तेराच, बेर्निना सुओत, दियावोलेत्सा, लागाल्ब, मग २२५३ मीटर उंचीवरचे ओस्पित्सिओ बेर्निना, आणि पलीकडच्या उतारावर आल्प ग्र्युम, कावालिया, कादेरा आणि पोस्कियाव्हो. सायकलची वाट या लोहमार्गाच्या सोबतीने चालते. साध्या गाड्यांत जागा असेल तर वेगळे तिकीट काढून सायकल नेता येते. दमलात, पडलात, आभाळ फाटले, तर पुढचे स्थानक गाठायचे. काही लहान स्थानकांवर मात्र मागणी केली तरच गाडी थांबते, हे वेळापत्रकात आधी पाहून ठेवावे.

यानंतर अंतराचा हिशेब. डोंगरात किलोमीटर फसवे असतात. तिथले खरे नाणे म्हणजे चढाचे मीटर. स्वित्झर्लंडच्या सरकारी मोजणी खात्याचे नकाशे घरबसल्या मोफत पाहता येतात. १:२५,००० या प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अडीचशे मीटर, आणि आल्प्सच्या भागात दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटर उंची. रेषा मोजा, विसाने गुणा, चढ हाती आला! पोंत्रेझिना ते ओस्पित्सिओ हा सुमारे ४८० मीटरांचा चढ, आणि तिथून पोस्कियाव्होपर्यंत जवळजवळ १२४० मीटरांचा उतार. आमच्या सिंहगडाचा रस्ता सुमारे सहाशे मीटर चढवतो. म्हणजे चढ सिंहगडाहून कमी आणि उतार दोन सिंहगडांएवढा. आम्ही दर रविवारी पाठीवर भरलेली पिशवी घेऊन सिंहगड चढलो आणि प्रत्येकाचा वेळ वहीत लिहिला. बेतात धरला तो कन्येचा वेळ नव्हे, सर्वांत संथ माणसाचा, म्हणजे माझा. तिने नाक मुरडले. पण ज्या सफरीत एकजण सतत वाट पाहतो आणि दुसरा सतत धापा टाकतो, तिच्यात दोघांनाही सुख नसते.

तिसरी गोष्ट हातांची, आणि ही कोणी सांगत नाही. आपल्याकडे बहुतेक सायकलींचा उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला असतो. तिथे भाड्याने मिळणाऱ्या सायकलींचा पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो. डोंगरी सायकलीचे डिस्क ब्रेक एका बोटाने लागतात. उतारावर घाबरून मागचा समजून पुढचा आवळला, तर स्वार सायकलीच्या आधी खाली पोचतो! आम्ही पुण्यात दोन महिने आधी एका सायकलीचे ब्रेक उलटे बसवून घेतले आणि सोसायटीच्या आवारात पाळीपाळीने सराव केला. शेजारच्या काकूंना आमच्याविषयी काळजी वाटू लागली होती. सायकली पुण्याहून नेण्याऐवजी तिथेच भाड्याने घ्यायचे ठरवले. विमानासाठी खोका बांधणे, सोडवणे आणि पुन्हा बांधणे यांत सुट्टीचे दोन दिवस गेले असते.

चौथी गोष्ट वाटेच्या प्रतीची. युरोपात अशा वाटांना एस-शून्य ते एस-पाच अशी श्रेणी लावतात. शून्य म्हणजे गुळगुळीत मातीची वाट. एक म्हणजे लहान मुळे आणि दगड. दोनवर पायऱ्या आणि तीव्र उतार. तीनवर उंच पायऱ्या आणि अडचणीची वळणे. पुढचे सारे कसबी लोकांसाठी. आम्ही घरीच ठरवले: एकवर तिघांनी चालवायचे, दोनवर कन्येने चालवायचे आणि मी सायकल हाती धरून चालायचे, तीनवर सगळ्यांनीच उतरायचे. सौ.नी स्वतःसाठी फक्त तीन सोपे टप्पे निवडले आणि बाकी प्रवास आगगाडीने करण्याचे जाहीर केले. वाटेचा पहिला मान पायी चालणाऱ्याचा, आणि गुरांसाठी घातलेले कुंपणाचे फाटक उघडले तर मागे लावून घ्यायचे, हेही नियमांत लिहिले.

पाचवा नियम आभाळाचा. आल्प्समध्ये उन्हाळ्यात सकाळ निरभ्र असते आणि दुपारी ढग चढून विजा होतात, हा नेहमीचा प्रकार. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे आणि तिनाने भागायचे; तितके किलोमीटर वीज दूर. तीस सेकंदांहून कमी भरले तर आसरा गाठायचा. आम्ही याहूनही सोपा नियम केला: सकाळी आठाच्या आत निघायचे, आणि गडगडाट कानी पडला, की चर्चा न करता जवळचे स्थानक. शिवाय सात दिवसांच्या मुक्कामात दोन दिवस कोरे सोडले. त्या चौकटींत काहीही लिहायचे नाही.

कागदपत्रांचे काम सौ.नी अंगावर घेतले. शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पण विम्याच्या बारीक अक्षरांत डोंगरी सायकल आणि डोंगरावरून सुटका या दोन्ही गोष्टी येतात की नाही, हे वाचल्याशिवाय सही करू नये. तिथली हेलिकॉप्टरने सुटका करणारी 'रेगा' ही संस्था १९५२ पासून काम करते. तिचा क्रमांक १४१४ आम्ही तिघांच्या खिशात लिहून ठेवला. फोनला रेंज नसेल तर मिनिटाला सहा वेळा शिटी किंवा दिवा, मग मिनिटभर विश्रांती, आणि पुन्हा सहा, ही आल्प्समधली संकटाची खूण. मिनिटाला तीन खुणा आल्या तर ते उत्तर.

इतकी तयारी करून गेलो, आणि पहिला दिवस सायकलींशी ओळख करण्यात घालवला. मॉर्तेराच स्थानकापासून हिमनदीकडे जाणाऱ्या वाटेवर सालांच्या पाट्या लावल्या आहेत. त्या त्या वर्षी हिमनदीचे टोक कुठे होते ते त्या सांगतात. एकामागून एक पाटी मागे पडते आणि बर्फ काही येत नाही. कन्या त्या पाट्यांपाशी बराच वेळ गप्प उभी होती.

तिसऱ्या दिवशी मुख्य बेत होता. पोंत्रेझिनाहून मी आणि कन्या बाराच्या सुमारास ओस्पित्सिओला पोचलो. सौ. गाडीने येऊन आमची वाट पाहत होत्या. समोर लागो ब्यांको हा दुधी रंगाचा तलाव पसरलेला. त्याचे पाणी पो नदीतून आड्रिआटिक समुद्राला मिळते, आणि त्याला जवळजवळ टेकलेल्या लहान, काळ्या तलावाचे पाणी डॅन्यूबवाटे काळ्या समुद्राला. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेल्या दोन थेंबांचीच ही गोष्ट. ज्या उतरणीसाठी पाच महिने सिंहगड चढलो ती तिथूनच सुरू होत होती. आणि तेवढ्यात डाव्या हाताच्या शिखरामागून दबका गडगडाट ऐकू आला.

"बाबा, अजून लांब आहे," कन्या म्हणाली. "तासाभरात खाली जाऊ. एवढे पैसे खर्चून काय आगगाडीत बसायला आलो?"

खरे सांगतो, माझ्या मनातही तेच होते. डोंगरावर माणूस दमलेला असतो, खर्च झालेला असतो आणि समोर वाट खुणावत असते. त्या घटकेला घेतलेला निर्णय हा लोभाचाच असायचा. सौ.नी काही वाद घातला नाही. वही उघडून पाचवा नियम कन्येपुढे धरला. अक्षर कन्येचेच होते. ती तणतणत फलाटावर गेली. आम्ही पोंत्रेझिनाची गाडी पकडली, आणि निघून वीस मिनिटेही झाली नव्हती तोच गाडीच्या टपावर गारांचा ताशा वाजू लागला. कन्या खिडकीबाहेर पाहत होती. कोणी काही बोलले नाही. बोलण्याची गरजही नव्हती.

दुसरा दिवस कोरा होता. आभाळ घासूनपुसून ठेवलेल्या परातीसारखे लख्ख. सकाळच्या गाडीत सायकली टाकून आम्ही पुन्हा वर गेलो. तलावाकाठून आल्प ग्र्युमपर्यंत सौ.ही आमच्याबरोबर होत्या. तिथल्या कठड्यावरून एकीकडे पाल्यू हिमनदी आणि खाली, फार खाली, पोस्कियाव्होचे निळे तळे दिसते. पुढची वाट जंगलातून वळणावळणांनी उतरते. मी कितीतरी वळणांवर खाली उतरून चाललो, आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही. दर अर्ध्या तासाने थांबून ब्रेक निवू दिले. वरच्या अंगाला 'अलेग्रा' म्हणून नमस्कार करणारे लोक खाली येता येता 'बुओन्जोर्नो' म्हणू लागले. एका उतरणीत भाषा बदलली! पोस्कियाव्होच्या चौकात सौ. आमच्या आधीच पोचल्या होत्या. कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटे, कोबी आणि चीज घालून केलेला पित्सोकेरी हा पदार्थ त्यांनी मागवून ठेवला होता. शाकाहारी माणसाला त्या मुलखात याहून मोठा दिलासा नाही.

ज्यांना असा बेत करायचा असेल त्यांनी जानेवारीत नकाशा उघडावा, फेब्रुवारीत घाट चढू लागावे, आणि व्हिसाचे काम एप्रिलच्या पुढे ढकलू नये. चपळाई थोडी कमी असली तरी चालेल. मात्र प्रत्येक दिवसाच्या रकान्यात 'कुठे पोचायचे' याच्या आधी 'कुठून परतायचे' हे लिहावे, आणि ते घरी, पोटभर जेवून, पंख्याखाली बसून लिहावे. यंदा आमची कन्या मैत्रिणींबरोबर स्पितीच्या खोऱ्यात सायकली घेऊन जाण्याच्या विचारात आहे. तिथे आगगाडी नाही, म्हणून परतीच्या जागा शोधायला तिला जरा जास्त कष्ट पडत आहेत. जेवणाचे टेबल सध्या पुन्हा नकाशांनी भरले आहे.