गर्भवतीच्या हातातील पेला



नोकरीनिमित्त काही काळ अरुणाचल प्रदेशात राहण्याचा योग मला आला. तेथील कित्येक घरांत पाहुण्याचे स्वागत होते ते अपोंगाने, म्हणजे तांदूळ आंबवून केलेल्या मद्याने. घरची गृहिणी ते करते, सर्वांना देते आणि स्वतःही घेते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मद्य घेणाऱ्या स्त्रिया देशात शेकडा एकीच्या आसपास आढळल्या. अरुणाचलात मात्र शेकडा चोवीस. जेथे पेला हा आतिथ्याचा भाग आहे, तेथे त्याला दुराचार म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु गर्भाला रीतिरिवाज ठाऊक नसतात. मातेच्या रक्तातील मद्य वारेतून त्याच्यापर्यंत पोहोचते आणि ते पचविण्याइतके त्याचे यकृत परिपक्व नसते. १९६८ साली फ्रान्समध्ये व १९७३ साली अमेरिकेत वैद्यांनी अशा बालकांची लक्षणे नोंदविली: खुंटलेली वाढ, चेहऱ्याची विशिष्ट ठेवण, बुद्धीचे कायमचे दौर्बल्य. गर्भारपणी निर्धोक ठरेल अशी मद्याची मात्रा आजवर ठरविता आलेली नाही. मद्य घरचे असले तरी नियम तोच.

मग साहाय्य कसे करावे? जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली सुचविले, की प्रत्येक गर्भवतीस प्रत्येक तपासणीच्या वेळी याविषयी विचारावे. सर्वांनाच विचारले म्हणजे कोणा एकीवर ठपका येत नाही. 'तुम्ही पिता काय?' या दरडावणीला उत्तर 'नाही' असेच मिळते. 'बाई, गेल्या आठवड्यात किती वेळा घेणे झाले?' असे आपुलकीने विचारले, तर ती खरे सांगते. कशासाठी घेते, हेही ऐकावे. श्रम, दुःख किंवा नवऱ्याचा मार यांपैकी काहीतरी त्यामागे असू शकते. 'आता उशीर झाला' असे मात्र कधीही म्हणू नये. कोणत्याही महिन्यात सोडले तरी बाळाचे हितच होते. जिला रोज भरपूर पिण्याची सवय आहे, तिने एकाएकी सोडल्यास कंप सुटतो, झटकेही येतात. तिला रुग्णालयातच न्यावे.

आणि घरच्यांचे काय? सासूने सुनेपुढे पेला करू नये, पतीने नऊ महिने स्वतःही आवरावे. एकटीने सोडणे कठीण. घराने मिळून सोडले, तर तिला ते पुष्कळ सोपे जाईल.