टाकळी ते टाकळघाट

नागपुरात हिस्लॉप म्हटले की कॉलेज. त्या नावाचा माणूस हे कॉलेज पाहायला नव्हताच. ते निघाले १८८३ साली, आणि स्टीफन हिस्लॉप गेले १८६३ मध्ये. स्कॉटलंडहून ते १८४५ साली इथे आले तेव्हा राज्य भोसल्यांचे होते. आले धर्मप्रसारासाठी, दुसऱ्याच वर्षी शाळा काढली. धर्मांतराच्या हिशेबात त्यांच्या हाती फारसे लागले नाही. त्या अठरा वर्षांत जे लागले ते पायपिटीतून.

सुरुवात टाकळीची. आता ती शहराच्या पोटात गेली आहे; तेव्हा गावाबाहेर होती. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर भटकताना त्यांना काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये एक वेगळाच पातळ थर दिसला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख होते, फळे-बिया होत्या, भुंग्यांचे पंखही होते, सगळ्यांचा दगड झालेला. लाव्हा थंडावला, वर पावसाची तळी साचली, त्यांत जीव नांदले आणि मग पुढचा लाव्हा येऊन सगळे झाकून गेला. आज आपण हा काळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा मानतो. आम्ही शाळेत ‘दख्खनचे पठार’ घोकले, पण ते पठार सीताबर्डीच्या टेकडीतच उभे आहे, हे आम्हाला एकाही मास्तरांनी सांगितले नाही. सहल निघायची ती अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात, रांगेत, तोंडावर बोट ठेवून.

टाकळीनंतर हिस्लॉप थांबले नाहीत. कामठीकडच्या वालुकाश्मात पानांचे ठसे मिळाले. चंद्रपूरकडच्या मांगलीतून एका प्राचीन उभयचराची कवटी लंडनला गेली. रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचे वर्णन केले. पिसदुऱ्याला महाकाय सरड्यांची हाडे सापडली. तळ्यातल्या एका सूक्ष्म जीवाला ‘हिस्लॉपिया’ आणि एका हिरव्या खनिजाला ‘हिस्लॉपाइट’ नाव पडले.

पण दगड शोधायला गावोगाव जायचे तर वाटेत माणसे भेटणारच, आणि माणसे भेटली की भाषा आली. हिस्लॉप गोंडी शब्द, चालीरीती, दैवते टिपू लागले. गोंडांच्या लिंगोची दीर्घ कथा एका परधानाच्या, म्हणजे गोंडांच्या भाटाच्या, तोंडून उतरवली गेली, ती त्यांच्याच कागदांत होती. (त्या परधानाच्या नावाचे कॉलेज कुठे नाही.) पुढे भूशास्त्रज्ञांनी ज्या खडकांना ‘गोंडवाना’ म्हटले, त्यांतलेच कामठीचे खडक. ज्यांची गाणी या माणसाने टिपली, त्यांच्याच मुलखाचे नाव त्याने फोडलेल्या दगडांना मिळाले.

सप्टेंबर १८६३. नागपूरजवळच्या टाकळघाटला शिळावर्तुळे आहेत, मोठमोठे धोंडे गोलाकार मांडून केलेली प्राचीन दफनस्थाने. मध्य प्रांताचे प्रशासक रिचर्ड टेंपल त्या भागात मुक्कामाला होते. ४ तारखेला ती वर्तुळे पाहून घोड्यावरून टेंपल यांच्या तळाकडे परतताना भरलेल्या नाल्यात हिस्लॉप बुडाले. वय ४५. त्याच वर्षी नागपूरचे संग्रहालय सुरू झाले. हिस्लॉप यांचे अपुरे कागद टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून घेतले. मला हे त्यांच्या सगळ्या कारभारापेक्षा मोठे काम वाटते.

वर्तुळांचे पुढचे पान शंभर वर्षांनी उघडले. शां. भा. देव आणि नागपूर विद्यापीठाच्या मंडळींनी १९६० च्या दशकाअखेरीस टाकळघाट-खापा आणि मग माहुरझरी खणले. लोखंडी हत्यारे निघाली, मणी निघाले आणि घोड्याच्या डोक्यावर चढवायचे तांब्याचे दागिनेही. अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वी इथे माणसाबरोबर घोड्यालाही मानाने पुरत असत.

काटोल रोडने निघालात तर जुनापाणीला अशी सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. पोरांना घेऊन जा. मात्र दिवाळीनंतर, पावसाळ्यात गवतामुळे धोंडे दिसत नाहीत, आणि या बाजूचे नाले अजूनही अचानक भरतात.