इजिप्तची छायाचित्र-सहल : पैसे नेमके कशाचे?

इजिप्त म्हणजेच मिसर. हा देश पाहण्यासाठी २०२४ साली सुमारे १ कोटी ५७ लाख परदेशी पाहुणे गेले. बहुतेक जण नेहमीच्या सहलीने जातात. बसमधून उतरायचे, पिरॅमिड पाहायचे, जेवायचे आणि पुढच्या गावी निघायचे. पण या गर्दीत आणखी एक छोटा काफिला असतो, तो छायाचित्रकारांचा. आठ-दहा किंवा बारा हौशी मंडळी, त्यांना शिकवणारा एक अनुभवी छायाचित्रकार आणि एक स्थानिक मार्गदर्शक मिळून कैरोच्या गल्ल्यांपासून थेट अबू सिंबेलच्या मंदिरांपर्यंत फिरतात. या सहलीचा दर साध्या सहलीपेक्षा बराच चढा असतो.

पिरॅमिड तेच, नाईल नदी तीच, मग जादा पैसे कशाचे? कोणत्याही व्यापारी माणसाच्या मनात हा सवाल येणारच. सहलीच्या खर्चाची उकल केली तर असे दिसते की येथे देखावा विकला जात नाही. देखावा सर्वांसाठी सारखाच आहे. येथे तीन गोष्टी विकल्या जातात : योग्य वेळ, इजाजत आणि भरवसा. पहिल्या दोन गोष्टी करारात लिहून घेता येतात. तिसरी लिहिता येत नाही, आणि खरी किंमत तिचीच आहे.

हा धंदा नवा नाही

कॅमेऱ्याचा शोध १८३९ साली जगापुढे आला आणि दहा-बारा वर्षांतच युरोपचे छायाचित्रकार इजिप्तमध्ये पोहोचले. मॅक्सिम द्यु काँ हा फ्रेंच लेखक १८४९ मध्ये गेला. फ्रान्सिस फ्रिथ हा इंग्रज १८५६ पासून तीन वेळा गेला आणि त्या चित्रांवर त्याने मोठा व्यवसाय उभारला. अंतोनियो बियातो या छायाचित्रकाराने तर लक्सरमध्येच मुक्काम केला आणि येणाऱ्या प्रवाशांना तो छायाचित्रे विकू लागला.

पण एक नाव आपल्या वाचकांना विशेष माहीत असायला हवे. मुहम्मद सादिक बे हे इजिप्तच्या लष्करातील अधिकारी आणि मोजणी-नकाशाचे जाणकार. त्यांनी १८६१ मध्ये मदीना शरीफची आणि १८८० मध्ये मक्का मुकर्रमाची छायाचित्रे घेतली. या दोन्ही शहरांची ही सर्वांत जुनी ज्ञात छायाचित्रे होत. तेव्हा काचेवर ओले रसायन लावून, ते सुकण्यापूर्वीच चित्र घ्यावे लागे. वाळवंटातल्या उन्हात हे काम किती कठीण असेल, याचा अंदाज करावा. सांगायचा मुद्दा असा की मिसरचा माणूस फक्त कॅमेऱ्यासमोर उभा नव्हता, तो कॅमेऱ्यामागेही होता.

पहिली वस्तू : वेळ

छायाचित्राचा कच्चा माल म्हणजे प्रकाश. भर दुपारी वाळू आणि दगड दोन्ही फिके पडतात, सावल्या लहान होतात. म्हणून चांगल्या सहलीचा कार्यक्रम सूर्य पाहून आखलेला असतो. गिझाच्या अबुल हौल पुतळ्याचे, म्हणजे स्फिंक्सचे, तोंड पूर्वेकडे आहे. त्याच्या चेहऱ्यावर उजेड हवा तर सकाळीच गेले पाहिजे. लक्सरच्या पश्चिम किनाऱ्यावरील राणी हातशेपसुतचे मंदिरही पूर्वाभिमुख आहे. तेथे दुपारी नेणाऱ्या सहलीत मंदिर दिसेल, पण चित्र मिळणार नाही. याउलट लक्सरचे शहरातील मंदिर संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात खुलते. कर्नाकच्या मोठ्या सभामंडपात १३४ खांब आहेत. तेथे तिरपा उजेड खांबांमधून आत येतो, तेव्हाच त्यांची जाडी आणि त्यांवरील कोरीवकाम नजरेत भरते.

अबू सिंबेलची मंदिरे आस्वानच्या मोठ्या धरणामुळे पाण्याखाली जाणार होती. युनेस्कोच्या पुढाकाराने १९६४ ते १९६८ या काळात ती कापून, सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा उभारण्यात आली. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबर या दोन दिवशी उगवत्या सूर्याचे किरण मोठ्या मंदिराच्या गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. या तारखांना गर्दी फार आणि खोल्या महाग. सहलीच्या पत्रकात या तारखा असतील तर दर का वाढला, हे लक्षात येईल.

मोसमही पाहावा. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ बरा. उन्हाळ्यात लक्सर-आस्वानकडे पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा उन्हात माणूसही थकतो आणि यंत्रही.

दुसरी वस्तू : इजाजत

इजिप्तमध्ये कॅमेऱ्याचे नियम पूर्वी फार कडक होते आणि रस्त्यावर अडवणूक होई. जुलै २०२२ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने नियम सोपे केले. खासगी वापरासाठी सार्वजनिक जागी छायाचित्र घेण्यास आता फी नाही आणि आगाऊ परवाना नाही. मात्र रस्ता अडवणारे सामान, मोठे दिवे, छत्र्या लावता येत नाहीत. देशाची प्रतिमा मलिन होईल असे चित्र घेण्यास मनाई आहे. लहान मुलांची छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. आणि कोणत्याही नागरिकाचे छायाचित्र त्याच्या लेखी संमतीशिवाय घेता येत नाही. लष्कर, पोलीस व सरकारी इमारतींकडे तर कॅमेरा वळवूच नये.

पुरातन स्थळांत व संग्रहालयांत साधारणपणे खासगी छायाचित्रे घेता येतात, पण फ्लॅश चालत नाही. विक्रीसाठी किंवा जाहिरातीसाठी छायाचित्रे घ्यायची तर वेगळी परवानगी आणि वेगळी फी. ड्रोनचा विचारही करू नये. २०१७ च्या कायद्याने संरक्षण खात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन आणणे आणि उडवणे गुन्हा ठरले आहे. मार्गदर्शकाकडेही सरकारी परवाना लागतो.

दोन बदल ध्यानात ठेवावेत. २०२५ मध्ये गिझाच्या पठारावर प्रवेशाची जागा बदलून फयूम रस्त्याकडे नेण्यात आली आणि आत विजेवरच्या बसगाड्या सुरू झाल्या. उंट-घोडेवाल्यांना पिरॅमिडच्या पायथ्यापासून दूर जागा देण्यात आली आणि त्यांनी या व्यवस्थेला विरोधही केला. म्हणजे वाळूत उंट आणि मागे पिरॅमिड हे कॅलेंडरवरचे चित्र आता पूर्वीसारखे सहज मिळत नाही. दुसरा बदल म्हणजे नोव्हेंबर २०२५ मध्ये पिरॅमिडजवळचे भव्य नवे संग्रहालय सर्वांसाठी पूर्णपणे खुले झाले आणि तुतनखामुनच्या कबरीतील ५ हजारांहून अधिक वस्तू तेथे एका जागी आल्या. जुन्या पत्रकावरून कार्यक्रम उतरवून काढणारा आयोजक या दोन गोष्टींवरूनच ओळखू येतो.

तिसरी वस्तू : भरवसा

दगडाचे चित्र घेताना दगड काही बोलत नाही. गल्लीत मात्र माणसे असतात. कैरोच्या जुन्या शहरात अल-मुइझ रस्ता, खान अल-खलिली बाजार, बाब झुवेला हा १०९२ सालचा दरवाजा, हे सारे चालत पाहण्याजोगे आहे. याच रस्त्यावर फातिमी काळातील अल-हाकिम मशीद आहे. तिचा जीर्णोद्धार दाऊदी बोहरा जमातीने १९८० च्या सुमारास पूर्ण केला. या जमातीचे मुख्यालय आपल्या मुंबईत आहे.

बाब झुवेलाच्या बाहेर पडले की छप्पर असलेला एक जुना बाजार लागतो. त्याचे नाव खयामिया, म्हणजे तंबू शिवणाऱ्यांची गल्ली. 'खैमा' हा शब्द उर्दू वाचकाला परका नाही. येथील कारागीर जाड कॅनव्हासवर रंगीत सुती कापडाचे तुकडे दुमडून हाताने शिवतात. नक्षी आधी कागदावर काढतात, कागदाला सुईने बारीक भोके पाडतात आणि त्यांतून भुकटी पाडून ती कापडावर उतरवतात. पूर्वी यांचा माल लग्नाच्या, मातमच्या आणि रमजानच्या मांडवांना लागत असे. आता त्या नक्षीचे छापील कापड बाजारात आले आहे आणि मांडवाला तेच जाते. हाताचे काम भिंतीवर लावण्याच्या कपड्यांपुरते आणि उशांच्या अभ्र्यांपुरते उरले आहे, आणि त्याचे गिऱ्हाईक मुख्यतः परदेशी पाहुणा.

आता विचार करा. बारा जणांचा जथा एका दुकानासमोर उभा राहतो, बारा कॅमेरे एका कारागिराच्या बोटांवर रोखले जातात, दहा मिनिटांत सगळे निघून जातात. दुकान अडले, गिऱ्हाईक परतले, हाती काही आले नाही. वर त्याच्या नव्या नक्षीचे स्पष्ट चित्र कोणा अनोळखी माणसाच्या कॅमेऱ्यात गेले. आम्हा कापडवाल्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नवा नमुना बाजारात यायच्या आधी कोणी त्याचा फोटो घेऊ लागला तर भिवंडीत काय किंवा मालेगावात काय, व्यापारी हात आडवा घालील. मग तो हक्क कैरोच्या शिंप्याला का नसावा?

चांगला आयोजक येथे वेगळा वागतो. तो गटाचे दोघा-तिघांचे तुकडे करतो. मार्गदर्शक आदल्या दिवशी दुकानदाराशी बोलून ठेवतो. आधी सलाम, मग चहा, मग कामाची विचारपूस आणि सर्वांत शेवटी कॅमेरा. संमतीचा अरबी मजकूर छापून सोबत ठेवतो. काही वस्तू खरेदीही होते. अशा दुकानात पुढच्या वर्षीचा गट आला तरी दार उघडे असते. हीच ती तिसरी वस्तू. ती एका दिवसात तयार होत नाही आणि एका दिवसात मोडते.

उर्दू शिकलेल्यांना येथे थोडी सवलत आहे. दुकानाच्या पाट्या बऱ्याच अंशी वाचता येतात. बोली मात्र वेगळी आहे. कैरोत 'जीम' चा उच्चार 'ग' होतो, म्हणून जमालचा गमाल होतो. 'मुमकिन सूरा?' एवढे विचारले की 'फोटो घेऊ का?' असा अर्थ होतो. 'मुमकिन' आणि 'सूरत' हे दोन्ही शब्द आपल्या ओळखीचेच. उत्तर 'ला' आले तर विषय संपला. मशिदीत नमाजाच्या वेळी कॅमेरा पिशवीतच ठेवावा, हे वेगळे सांगायला नको.

हिशेब कसा मांडतात?

या सहलीत शिकवणाऱ्या छायाचित्रकाराचे भाडे, खोली आणि मेहनताना गटावर वाटला जातो. समजा हा खर्च ३ लाख रुपये आहे. बारा जण असतील तर प्रत्येकी २५ हजार पडतात, सहाच जमले तर ५० हजार. म्हणूनच पत्रकात 'किमान इतके सभासद' अशी अट असते. किमान संख्या जमली नाही तर दर वाढणार की सहल रद्द होणार, आणि रद्द झाल्यास आगाऊ रक्कम किती दिवसांत परत मिळणार, हे लेखी असावे. इजिप्तच्या पर्यटनाला अचानक धक्का बसू शकतो. २०१० मध्ये सुमारे १ कोटी ४७ लाख पाहुणे आले होते. २०११ च्या उठावाच्या वर्षी ही संख्या १ कोटीच्या खाली गेली.

दुसरी बाब चलनाची. मार्च २०२४ मध्ये इजिप्तच्या मध्यवर्ती बँकेने पौंड मोकळा सोडला आणि एका डॉलरचे सुमारे ३१ पौंड मिळत होते ते ५० च्या जवळ गेले. मोठी हॉटेले आपला दर डॉलरमध्ये सांगतात, त्यांना फरक पडला नाही. गल्लीतला माणूस मात्र पौंडात कमावतो. जुन्या दराने ५० पौंडांची बक्षिशी दीड डॉलरपेक्षा जास्त होती, नव्या दराने ती एका डॉलरवर आली. त्याच काळात त्याची रोटी आणि तेल महागले. जुन्या यादीप्रमाणे बक्षिशी देणारा गट आपण उदार आहोत असे समजतो आणि प्रत्यक्षात कमी देतो. बक्षिशीसाठी सुटे पैसे, ज्यांना तेथे 'फक्का' म्हणतात, सोबत ठेवावेत. मोठ्या स्थळांची तिकिटे मात्र कार्डाने घ्यावी लागतात.

येथून पॅकेज घेणाऱ्याकडून आयकर कायद्यानुसार टीसीएस वसूल होतो. ती रक्कम आपल्या विवरणपत्रात दाखवून करातून वळती करता येते. पावती जपून ठेवावी.

आगाऊ रक्कम देण्यापूर्वी

आयोजकाला पुढील प्रश्न विचारावेत :

१. कोणते स्थळ दिवसाच्या कोणत्या वेळी, आणि का?
२. मार्गदर्शक परवानाधारक आहे का? गल्लीत तोच सोबत असेल का?
३. स्थळांची तिकिटे, खास परवानग्या आणि बक्षिशी दरात धरली आहे की वेगळी?
४. गट जास्तीत जास्त किती जणांचा? गल्लीत त्याचे तुकडे कसे करणार?
५. ज्यांची छायाचित्रे घेणार, त्यांची संमती कशी घेणार आणि त्यांच्या हाती काय पडणार?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे बहुतेक आयोजक देतील. पाचव्या प्रश्नावर जो अडखळेल, त्याच्याकडे पैसे भरण्याची घाई करू नये. ज्या सौद्यात एका बाजूला चित्र, कीर्ती आणि नफा जातो आणि दुसऱ्या बाजूला फक्त खोळंबा उरतो, तो सौदा फार दिवस टिकत नाही. पिरॅमिड साडेचार हजार वर्षे उभे आहेत, ते पुढेही राहतील. खयामियाच्या गल्लीतील सुई मात्र चालू राहील की नाही, हे त्या गल्लीत येणारे गिऱ्हाईक कसे वागते यावर बरेचसे अवलंबून आहे.