नेम चुकतोय… पण कुणाचा?

पोरीचे गुण घसरले की आईबाप आधी पोरीलाच धारेवर धरतात. रायफलला मात्र कुणी काही विचारत नाही. खरं तर तिलाही बोलतं करता येतं… त्यासाठी वाळूच्या दोन पिशव्या पुरतात!

रविवारची संध्याकाळ. स्पर्धेहून परतताना गाडीत कुणीच बोलत नव्हतं. मागच्या सीटवर लेक खिडकीबाहेर बघत बसलेली, पायाशी शूटिंगचे ते जाडजूड बूट. मी गाडी चालवत होतो आणि मनातल्या मनात आकडे मांडत होतो. दोन महिन्यांपूर्वी ६१८, मग ६१२, आज ६०६. शेवटी राहवलं नाही. म्हणालो, ‘‘लक्ष कुठं असतं गं तुझं? उद्यापासून मोबाइल बंद!’’ ती काहीच बोलली नाही. घरी आल्यावर मोबाइल निमूटपणे टेबलावर ठेवला, खोलीचं दार लावून घेतलं आणि जेवायलाही बाहेर आली नाही.

ज्यांच्या घरात हे खूळ शिरलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. दहा मीटर एअर रायफलमध्ये साठ गोळ्या झाडायच्या असतात. एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ गुण, म्हणजे एकूण ६५४. टार्गेटच्या मधोमध दहाचा जो ठिपका असतो त्याचा व्यास फक्त अर्धा मिलिमीटर. तिथून अडीच मिलिमीटर सरकलात की एक अख्खा गुण गेला. आता आमच्या लेकीचा हिशेब करा. साठ गोळ्यांत बारा गुण गेले, म्हणजे गोळीमागे ०.२. म्हणजेच प्रत्येक गोळी सरासरी अर्धा मिलिमीटर जास्त लांब पडत होती. तेवढ्यासाठी मी पोरीला रडवलं होतं.

सोमवारी क्लबवर गेलो. तिथले सर लष्करातून निवृत्त झालेले. बोलणं मोजकंच, पण नेमकं. माझं सगळं गाऱ्हाणं त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘साहेब, पोरीला आठवडाभर सुट्टी द्या. रायफल तेवढी इथं ठेवून जा. आणि हो, छऱ्यांचे घरात असतील नसतील तेवढे सगळे डबे घेऊन या.’’

आधी झुबका, मग जागा

गोळी चुकते तेव्हा गुन्हेगार तीन असू शकतात: माणूस, रायफल किंवा छर्रा. उभं राहून नेम धरताना तिघांचे दोष एकमेकांत असे मिसळतात की कुणाचा किती, ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून पहिल्यांदा माणसाला बाजूला काढायचं. रायफल टेबलावर भक्कम आधाराला ठेवायची आणि बसून गोळ्या झाडायच्या. या आधारालाच नेमबाज मंडळी ‘रेस्ट’ म्हणतात. श्वास, ढोपर, पाठ, परीक्षेचं टेन्शन… यातलं जवळजवळ सगळं बाहेर राहतं. उरतात ती रायफल आणि गोळी.

मग बघायचं काय? नवशिका माणूस बघतो, गोळी मधोमध लागली का. जाणकार आधी बघतो तो झुबका. दहा गोळ्या एकमेकींना चिकटून पडल्या असतील, मग त्या कोपऱ्यात का पडेनात, काळजी नाही. साइटचे स्क्रू फिरवले की अख्खा झुबका मध्यावर येतो. पण गोळ्याच विखुरल्या असतील तर साइट कितीही फिरवा, उपयोग शून्य. आम्ही दोन महिने नेमकं हेच करत होतो. आज उजवीकडे दोन टिचक्या, उद्या डावीकडे तीन.

साइट जुळवण्याचं महत्त्व अभिनव बिंद्राला विचारावं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये फायनलच्या तोंडावर चाचणीच्या गोळ्या झाडताना आपली गोळी केंद्रापासून कुठल्या कुठं पडली, असं त्यानं ‘अ शॉट अ‍ॅट हिस्टरी’ या आत्मचरित्रात लिहिलंय. कुणीतरी साइटला हात लावला असावा, असा त्याचा संशय. हातात मोजकी मिनिटं होती. तेवढ्यात त्यानं साइट पुन्हा जुळवली आणि शेवटची गोळी १०.८ मारून देशाला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण आणलं. आपली रायफल शांतपणे ठेवली असता कुठं मारते, हे ज्याला पाठ आहे त्यालाच असं जमतं.

जुन्या जीन्सची करामत

रेस्ट म्हटलं की पालकांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा खर्च उभा राहतो. माझ्याही राहिला. सरांनी हसून विचारलं, ‘‘घरात फाटकी जीन्स आहे?’’

सुरुवात वाळूच्या पिशव्यांनीच करावी, हे माझंही आता ठाम मत झालंय. जीन्सच्या पायाचा फूटभर तुकडा कापायचा, आत घट्ट विणीच्या कापडाचं अस्तर लावायचं, दुहेरी शिवण घालायची. ही पुढची पिशवी. मागची जरा लहान. भरायला कोरडी, चाळलेली वाळू. पिशवी इतकी भरायची की मूठ दाबली तर जराशी रुतावी, पण पिशवी लोळू नये. अस्तराचा कंटाळा करू नका. वाळूची धूळ निसटून साइटमध्ये किंवा नळीत गेली तर औषधापेक्षा रोग परवडला, असं व्हायचं. पावसाळ्यात वाळू ओल धरते आणि तिला टेकलेलं लोखंड गंजतं. म्हणून जून-जुलैत पिशव्या उन्हं पडतील तेव्हा गच्चीवर वाळवायच्या आणि काम झालं की रायफल त्यांच्यावर ठेवून जायचं नाही.

आमच्या मातोश्रींनी वाळूचा कचरा नको म्हणून पहिल्या पिशवीत तांदूळ भरले होते. दीड महिन्यात पिशवीतून किडे बाहेर पडायला लागले! तांदूळ हलकाही पडतो. वाळूला पर्याय नाही.

पिशवीइतकंच महत्त्वाचं टेबल. लग्नाच्या मांडवातलं घडीचं टेबल असेल तर त्यावर कितीही महागडा रेस्ट ठेवा, टेबलच नेम चुकवणार. क्लबवर सिमेंटचा ओटा आहे, तो सगळ्यात उत्तम. खुर्चीही कुरकुरणारी नको.

आता रायफल टेकवायची कुठं? इथं निम्मे लोक चुकतात. पुढची पिशवी दस्त्याच्या पुढच्या भागाखाली हवी. नळीखाली कधीही नाही, आणि नळीखालच्या हवेच्या सिलिंडरखालीही नाही. गोळी सुटताना नळी थरथरते. तिला खालून टेकू दिला की ती थरथर बदलते आणि गोळी भलतीकडे जाते. दर गोळीला रायफल त्याच जागी टेकली पाहिजे, म्हणून सर दस्त्यावर चिकटपट्टीची खूण करतात. मागची पिशवी खांद्याकडच्या टोकाखाली. ती डाव्या हातानं किंचित दाबली की पुढचं तोंड केसभर खाली येतं. गाल आणि खांदा अलगद, पण दरवेळी सारखाच लागला पाहिजे.

स्प्रिंगवाल्या एअरगनची तऱ्हा मात्र निराळी. तिच्या आतला दट्ट्या धावतो तेव्हा ती आधी मागे, मग पुढे असा दुहेरी हिसका देते. तिला जखडून ठेवलं तर ती रुसते. पिशवीवर आपला तळहात ठेवायचा, त्यावर रायफल सैल विसावू द्यायची आणि तिला हवं तसं हलू द्यायचं.

बाजारात आणखी बरंच काही मिळतं. तीन पायांचा लोखंडी रेस्ट असतो, चाक फिरवून वर-खाली करता येतो. पॉइंट टू-टूची रायफल असेल, वारंवार चाचण्या करायच्या असतील, तर तो जरूर घ्यावा. घेताना वजन बघा. हलका तो फसवा. चाकात खुळखुळ आहे का ते हातानं हलवून बघा आणि वरच्या खोबणीत आपल्या रायफलचा दस्ता नीट बसतो का, हे रायफल सोबत नेऊनच ठरवा. दोन पायांचा बायपॉड शिकाऱ्याला आणि सैनिकाला ठीक, पण अशा चाचणीला मागचा आधार मोकळा राहतो. परदेशात जबर धक्का देणाऱ्या रायफलींसाठी वजनं लादलेली घसरगाडी वापरतात. तिनं खांदा वाचतो, पण धक्का सगळा दस्त्याला सोसावा लागतो. आपल्या खेळात तिचं काहीच काम नाही.

डब्यावरचा नंबर

खरी गंमत पुढंच आहे. छर्रे सगळे सारखे दिसतात. साडेचार मिलिमीटरचे, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचे, पाचशेचा डबा. पण बारकाईनं बघितलंत तर डब्यावर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो: ४.४९, ४.५०, ४.५१. आणि एक लॉट नंबर. कंपनी तीच, यंत्र तेच, तरी प्रत्येक लॉट उन्नीस-बीस निघतो. एका नळीला जो मानवतो, तो शेजारच्या नळीला मानवेलच असं नाही.

ऑलिंपिकचे नेमबाज म्हणूनच ब्रिटनमधल्या ईले किंवा जर्मनीतल्या आरडब्ल्यूएससारख्या कारखान्यांत आपली रायफल घेऊन जातात. तिथं ती शिकंजात घट्ट बसवतात आणि एकामागून एक लॉट झाडून बघतात. जुळेल तो लॉट जमेल तेवढा विकत घेतात. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं. त्या टार्गेटवरचा दहाचा गोल जेमतेम १०.४ मिलिमीटरचा असतो. पन्नास मीटरवरून! तिथं लॉट चुकीचा निघून कसं चालेल?

आपण कारखान्यात जाणार नाही, आणि शिकंजाच्या नादीही लागू नये. दस्ता आवळला गेला की तो दबतो नि निकाल खोटे येतात. पिशव्यांवरच सरांनी जी चाचणी केली ती अशी. छर्रा बदलला की पहिले दहा-पंधरा मोजायचेच नाहीत, नळीला नव्या छऱ्याची सवय होऊ द्यायची. मग दहा-दहा गोळ्यांचे निदान तीन झुबके. एका डब्याचे सगळे सलग नाही, आळीपाळीनं, म्हणजे आपल्या थकव्याचा दोष एकाच डब्याच्या माथी बसत नाही. पाच गोळ्यांचा एखादा देखणा झुबका पडला म्हणून पेढे वाटायचे नाहीत, तो नशिबानंही पडतो. आणि एखादी गोळी लांब गेली तर ‘ही माझी चूक’ म्हणून ती वगळायची नाही. मोजायचं म्हणजे सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर.

छर्रे शिशाचे असतात. सर दर खेपेला हात साबणानं धुवायला लावतात, चहाच्या आधी तर हमखास. रेस्टवर भरलेली रायफल सोडून कुणी उठलं तर त्या दिवशी त्याला घरी पाठवतात. पॉइंट टू-टूला परवाना लागतो आणि तिची चाचणी रेंजवरच, हे वेगळं सांगायला नको.

निकाल

शनिवारी सरांचा फोन आला. गेलो तर ओट्यावर टार्गेटचे कागद ओळीनं मांडलेले. पहिल्या दिवशी सगळेच डबे वाईट आले होते. सरांनी रायफल तपासली, तर दस्ता आणि यंत्रणा जोडणारा एक स्क्रू पाव फेरा सैल. तो आवळल्यावर जुन्या डब्यात उरलेल्या छऱ्यांचा झुबका सहा मिलिमीटरवर आला. दोन महिन्यांपूर्वी मी हौसेनं एकदम दहा डबे आणले होते, त्यांचा मात्र साडेआठच. तोच ब्रँड, तोच रंग. लॉट नंबर वेगळा. डोक्याचा व्यासही वेगळा, जो मी दुकानात वाचलाच नव्हता.

‘‘म्हणजे सगळी चूक छऱ्यांची?’’ मी विचारलं.

‘‘सगळी नाही,’’ सर म्हणाले. ‘‘पण पोरीची नव्हे, एवढं नक्की.’’

त्यांनी पिशव्या उचलून कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावलं. नवा डबा आला की त्या बाहेर निघतात, एरवी नाही. प्रत्येक वाईट गोळी छऱ्यावर ढकलायची सवय मुलांना फार लवकर लागते म्हणे. शिवाय पिशवीवर जुळवलेली साइट उभं राहिल्यावर तशीच चालत नाही. जाकीट घालून, खांद्याला लावून ती पुन्हा जुळवावीच लागते. त्या कामाला लेकीचा अख्खा रविवार गेला. पुढच्या स्पर्धेत ६१५ आले. उरलेल्या तीन गुणांचं खापर मी अजून कुणावर फोडलेलं नाही.

शनिवारी रात्री जेवताना मी तिला ते दोन कागद दाखवले, सहा मिलिमीटरचा आणि साडेआठचा. माझं चुकलं, असंही म्हणालो. तिनं दोन्ही कागद उजेडासमोर धरून बराच वेळ बघितले. मग ताटाकडे बघतच म्हणाली, ‘‘बाबा, मोबाइल दे.’’