नाळेजवळचं भोक

धडधाकट बोट पाण्याबाहेर काढायची आणि नांगराचा चिखल धुता यावा म्हणून तिला पाण्याच्या रेषेखाली भोक पाडायचं, हे ऐकल्यावर मला आधी चेष्टाच वाटली. म्हणून पाहायला गेले. गणपती होऊन गेले होते, पावसाळाभर कोरड्यावर टेकूंवर उभ्या राहिलेल्या शिडाच्या बोटी पाण्यात परतायच्या तयारीत होत्या. मांडव्याच्या बाजूच्या त्या यार्डात मिस्त्री एका अकरा मीटर लांबीच्या बोटीखाली उकिडवे बसून पेन्सिलीने खुणा करत होते. एक खूण केली, पुसली, चार बोटं मागे पुन्हा केली.

मुंबई बंदराचा तळ म्हणजे मऊ काळा गाळ. नांगर त्यात छान रुततो, तक्रार वर येताना असते. उधाणाच्या दिवशी इथे पाणी जवळजवळ पाच मीटर चढतं-उतरतं, त्यामुळे साखळी भरतीच्या खोलीच्या हिशेबाने सोडावी लागते, ढोबळमानाने पाचपट. सहा मीटर पाण्याला तीस मीटर साखळी. आठ मिलिमीटरची असली तरी चाळीस किलोच्या वर वजन, आणि प्रत्येक कडीत गाळ भरलेला. ती तशीच नाळेतल्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकातल्या, खणात जाते. खणाच्या फळीपलीकडे झोपायची जागा. मी त्या खणात डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. गाळात हवा पोचत नाही, तिथे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्याचा तो वास चार महिने कोरड्यावर राहूनही गेला नव्हता.

म्हणून त्या भोकातून पंपाने समुद्राचं पाणी ओढून साखळी धुवायची. गोड्या पाण्याने का नाही? मिस्त्रींनी पंपावरचं लेबल दाखवलं: मिनिटाला १७ लिटर. बोटीची टाकी तीनशे लिटरची. दहा मिनिटं साखळी धुतली की निम्म्याहून जास्त पिण्याचं पाणी चिखलात. आणि बादली? ‘‘बादलीच चालायची आमच्याकडे,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘पण बोट चालू असताना टाकून बघा ताई, बादली हात घेऊन जाते.’’

पंप दोन्ही ओंजळींत मावेल एवढा. चार स्क्रू, झाला बसवून. बाकी सगळं काम भोकाचं आणि वायरीचं. मिस्त्रींच्या तोंडी सारखा एकच आकडा होता. पाऊण इंची तोंड, पाण्याच्या दोन फूट खाली, आणि वरचा पाइप निसटला तर? ‘‘मिनिटाला ३५ लिटर.’’ बाहेर फेकणार १७, आत येऊ शकणार ३५. मी घरी गणित मांडून पाहिलं, बरोबर निघालं.

मालकांना हे भोक टाळायचं होतं. इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत येतंच, त्याच पाइपला फाटा मारा, असं त्यांनी सुचवलं. मला ते शहाणपणाचं वाटलं. मिस्त्री नाही म्हणाले. ‘‘साहेब, नांगर उचलताना इंजिन चालूच असतं ना?’’ म्हणजे ज्या वेळी पंप पाणी ओढणार, नेमकं त्याच वेळी इंजिनालाही पाणी हवं. पंपाने ते पळवलं की इंजिन तापणार, तेही नांगर सुटलेला आणि बोट मोकळी असताना. मालक गप्प बसले.

मग जागा ठरली. क्रेनचा पट्टा जिथे बसतो तिथे नाही, संडासाचं पाणी बाहेर पडतं त्याच्या वाटेत नाही, आणि आतून हात पोचेल अशी. शेवटची अट मिस्त्रींनी प्रत्यक्ष आत आडवं होऊन, डोळे मिटून पाहिली. अंधारात, पाणी भरत असताना भोक बंद करणारा वाल्व सापडला पाहिजे.

होल-सॉ सुरू झाला. फायबरग्लासची पांढरी पूड उडाली, रेझिनचा तिखट वास सुटला आणि तळातून रुपयाहून थोडी मोठी चकती बाहेर पडली. मिस्त्रींनी ती पुसली, कडेने नखं फिरवली, उन्हात धरली. सलग फायबर होतं, मध्ये लाकूड नव्हतं. लाकूड मध्ये घालून बांधलेल्या बोटी असतात, आपल्या नौदलाची ‘म्हादेई’ तशीच. तिथे भोकाची कड आधी इपॉक्सीने बंद करावी लागते, नाहीतर लाकूड पाणी पीत राहतं आणि आतून कुजतं. ती चकती मी हातात घेऊन बराच वेळ उभी होते. समुद्र आणि झोपायची जागा यांच्यात एवढंच असतं.

दुपारी मिस्त्रींनी पत्र्याच्या डब्यातून एक मोडका वाल्व काढून दाखवला. कुणीतरी मुंबईतल्या दारूखान्याच्या भंगार बाजारातून स्वस्तात आणलेला, पितळेचा. मोडल्या जागी तो गुलाबी दिसत होता. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं, उरतं ते ठिसूळ तांबं. इथे त्यांनी गनमेटलचा वाल्व लावला, सीलंट भरलं, पाइपावर एकाऐवजी दोन क्लिपा कसल्या आणि शेजारी एक लाकडी खुंटी दोरीने बांधली. सगळंच दगा देईल तेव्हा भोकात ठोकायला.

गाळणी पंपाच्या आधी बसली, नाहीतर शेवाळ आणि शिंपल्यांचे तुकडे आतल्या पडद्यात अडकतात. वायरीवरून मात्र पुन्हा वाद. मालकांनी अडीच स्क्वेअरची वायर आणली होती, घरच्या प्लगला असते तसली. बॅटरी मधोमध, पंप नाळेत, जाऊन-येऊन वीस मीटर. पंधरा अँपियर ओढताना बारातले दोन व्होल्ट वाटेतच संपतात, पंप नुसता कण्हतो. मिस्त्रींनी दहा स्क्वेअरची, कल्हई केलेल्या तांब्याची मागवली. फ्यूज बॅटरीला अगदी लागून, कारण वायर कुठेही घासली तरी आग लागू नये. पंपापेक्षा वायर महाग पडली. मला विचाराल तर योग्यच झालं.

भरतीला बोट पाण्यात उतरली. वाल्व उघडला, मिस्त्रींनी जोडाभोवती कागदी रुमाल फिरवला, कोरडा. बटण दाबलं, खडखडाट झाला, नळीतून पाणी सुटलं. नोझल बंद करताच दाबाच्या स्विचने पंप थांबला. मालकांनी खूश होऊन डेकही धुऊन काढलं, जे धुवायची काही गरज नव्हती.

‘‘काम झालं की वाल्व बंद. महिन्यातून एकदा गोडं पाणी फिरवा, नाहीतर आत मीठ धरेल,’’ मिस्त्री सांगत होते. मालक मान हलवत फोटो काढत होते. जेट्टीवर हात धुताना मिस्त्री मला म्हणाले, होळीपर्यंत पंप जाम झाल्याचा फोन येईल, आणि पडद्याचा जास्तीचा सेट त्यांनी आजच मागवून ठेवलाय.